खुनी वेळेवर येतो

घारसाहेबांच्या उजव्या हाताच्या एका बोटाला संधिवात झाला होता. आता म्हाताऱ्या माणसाला संधिवात झाला तर त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण हे बोट साधंसुधं नव्हतं. एके काळी सिनेमाच्या शेवटच्या रिळात हे बोट वर उठलं की थिएटरातला खोकणारा माणूससुद्धा खोकला गिळायचा, आणि ते ज्याच्यावर रोखलं जाईल त्याची धडगत नसायची.

सिनेमे कसे होते ते विचारू नका. 'डिटेक्टिव्ह घार' नावाची ती रहस्यपटांची मालिका होती. 'घारीची झडप', 'घारीचा डोळा', 'घार आणि बंद खोली', एकातून एक असे निघतच राहायचे. मोठ्या सिनेमाचं तिकीट मिळालं नाही की लोक नाइलाजाने इकडे वळत. दिवाणखाना प्रत्येक सिनेमात तोच, फक्त पडदे बदललेले. जिन्याला चारच पायऱ्या होत्या आणि त्यापुढे भिंत, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक जण चौथ्या पायरीवर थांबायचा, मागे वळायचा आणि काहीतरी गूढ बोलायचा. लोकांना वाटायचं, काय खोल कथा आहे! कसली खोल? पुढे लाकूडच नव्हतं.

त्यातला गुप्तहेर म्हणजे आपले घारसाहेब. डोक्यावर हॅट, अंगात काळा ओव्हरकोट आणि एक भुवई कायम वर. सिनेमे बंद पडून जमाना लोटला, हॅटला कसर लागली, पण भुवई काही खाली आली नाही. त्यांचं खरं नाव आठवायला आता त्यांच्या बायकोलाही जरा वेळ लागला असता.

आणि ही बायको कोण? तर त्याच सिनेमांतलं प्रेत. सुरुवातीलाच तिचा गळा दाबला जायचा आणि मग ती शेवटपर्यंत सोफ्यावर पडून असायची. श्वास रोखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घारसाहेब वाकून तिची नाडी बघायचे, बघता बघता प्रेमात पडले. "लोक डोळ्यांत डोळे घालून प्रेमात पडतात, हे माझे मिटलेले डोळे बघून पडले," असं ती अजून सांगते. लग्नानंतर मात्र ती जी बोलायला लागली ती लागलीच. इतक्या सिनेमांत तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं, त्याला कोण काय करणार.

तिसरा माणूस म्हणजे खुनी. हा मागच्याच गल्लीत राहायचा आणि रोज संध्याकाळी चहाला यायचा. इतका गरीब स्वभावाचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मुंगीला वळसा घालून चालायचा. पण चेहरा! भुवया जाड, डोळे खोल, आणि आवाज तळाला लागलेलं पातेलं खरवडावं तसा. या चेहऱ्याला तरुणपणी कुणी भाड्याने खोली देईना. दुकानात शिरला की दुकानदार गल्ल्याचा खण हळूच आत सरकवायचा. हे सगळं सिनेमांमुळे, कारण 'घार'च्या प्रत्येक सिनेमात खुनी हाच. एकाही सिनेमात सुटका नाही.

तो प्रत्येक वेळी खुनी का, याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. सिनेमांचा मालक एकच माणूस होता. कथा तोच लिहायचा, चित्रण तोच करायचा, आणि दिवे कमी पडले तर दिवाही तोच धरून उभा राहायचा. शेवट लिहायला त्याला कधी सवडच मिळाली नाही. तोवर बाकीचे नट कंटाळून दुसऱ्या कामांना पळालेले असायचे. मग मालकाने नियम करून टाकला: शेवटच्या दिवशी सेटवर जो हजर, तो खुनी. आणि शेवटच्या दिवशी हजर कोण? तर हा भला माणूस. सकाळी सगळ्यांच्या आधी डबा घेऊन दारात उभा. त्याला कधी ताप आला नाही, त्याची कधी बस चुकली नाही. वेळेवर येण्याच्या सवयीपायी बिचारा जन्मभर फासावर गेला.

आणि घारसाहेब? ते हिरो. ते उशिरा यायचे, हॅट चढवायचे, समोर जो उभा दिसेल त्याच्यावर बोट रोखायचे आणि म्हणायचे, "खुनी... तू आहेस!" खरं सांगायचं तर एकाही सिनेमाची कथा त्यांना कधी कळली नव्हती. पण ही गोष्ट घरातल्या घरात होती. बाहेर त्यांचा थाट काय विचारता! चौकातला पोलीस त्यांना सलाम ठोकायचा. न्हावी आधीचं गिऱ्हाईक उठवून त्यांना खुर्ची द्यायचा. इमारतीत कुणाच्या किल्ल्या हरवल्या की मंडळी त्यांच्याकडे धावायची. घारसाहेब भुवई आणखी वर करून म्हणायचे, "किल्ल्या घरातच आहेत." आणि त्या घरातच असायच्या. म्हातारपणी माणसाला जगायला काहीतरी लागतं. कुणाला पेन्शन असते, यांना हा सलाम होता.

अशात एक दिवस जुने सिनेमे जपून ठेवणाऱ्या संस्थेतली एक पोरगी त्यांच्या दारात आली. केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी, डोळ्यांत भक्ती. जिथे चित्रण व्हायचं त्या बंद पडलेल्या गोदामात तिला या मालिकेतला शेवटचा, अर्धवट राहिलेला सिनेमा सापडला होता: 'घारीची शेवटची घिरटी'. एका श्रीमंत विधवेचा खून होतो इथपासून सगळं व्यवस्थित होतं. शेवटचं रीळ मात्र नव्हतंच. ऐन शेवटच्या दिवशी, भाडं थकलं म्हणून, गोदामाच्या मालकाने दाराला कुलूप घातलं होतं, त्यामुळे ते चित्रित झालंच नाही.

"सर, तो शेवट आपण आता करायचा," पोरगी म्हणाली. "त्याच गोदामात. म्हणजे, प्रकरण इतकी वर्षं उलगडलंच नाही आणि म्हातारा झालेला घार पुन्हा त्या खोलीत येतो. बाकीचे नट आता हयात नाहीत. तुम्ही आहात, आणि विधवेच्या मॅनेजरचं काम करणारे ते तुमचे नेहमीचे खुनी काका आहेत. मोठ्या थिएटरात लावू आपण सिनेमा!"

"आणि मी?" स्वयंपाकघरातून प्रेताने विचारलं. "इतकी वर्षं मी तिथेच पडून आहे की काय?"

"नाही हो काकू, तुमचा भिंतीवर फोटो असेल."

"चला, बढती मिळाली."

पोरगी घारसाहेबांकडे वळली. "कागदावर काहीच सापडलं नाही, सर. संवाद तुम्ही तुमच्या मनाने बोला. फक्त तुम्हाला माहीत असेल ना, खुनी कोण होता ते?"

घारसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मला माहीत नसेल तर कुणाला? घार कधी चुकली नाही, पोरी."

आत पातेल्याचं झाकण खाली पडलं. बायकोने पाडलं की हातून सुटलं, हे देव जाणे.

त्या संध्याकाळी खुनी ठरल्या वेळी आला. त्याचं पाऊल जिन्यात वाजलं की चहा गाळायचा, असा त्या घराचा नियम होता, घड्याळ कुणी बघत नसे. पोरगी त्याच्याही घरी जाऊन आली होती, पण आज तो बोलेना. बिस्कीट चहात बुडवून धरलं ते विरघळून तळाशी गेलं, तरी हा आपला रिकामी बोटं कपावर धरून बसलेला.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?" घारसाहेबांनी विचारलं.

"एक मागू? नाही म्हणू नकोस." खुन्याने पातेलं खरवडल्यासारख्या आवाजात सुरुवात केली. "या सिनेमात मला सोड."

"सोड म्हणजे?"

"म्हणजे खून मी केलेला नको."

घारसाहेबांची दुसरीही भुवई वर गेली. "अरे, पण तू खुनी आहेस!"

"तेच तर. नातीला कळलंय." त्याने कप खाली ठेवला. "तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांनी सांगितलं, हिचा आजोबा पट्टीचा खुनी. घरी येऊन मला विचारते, आजोबा, तुम्ही किती माणसं मारलीत? म्हटलं, बाळा, तो सिनेमा होता, खोटं असतं. तर म्हणते, खोटं होतं तर एकदा तरी दुसऱ्या कुणी मारायचं, प्रत्येक वेळी तुम्हीच का? आता काय सांगू तिला? वेळेवर जायचो म्हणून?"

"लहान आहे, विसरेल."

"पूर्वी गृहपाठ करायला माझ्याजवळ बसायची. आता दाराजवळ बसते. दार उघडं ठेवून. बाकी लोकांचं सोड, त्याची सवय झाली. पण तिने दार उघडं ठेवलं ते सहन होत नाही रे. ती येणार आहे तुझा सिनेमा बघायला. तिच्यासमोर एकदा, फक्त एकदाच, मी निर्दोष निघालो तर..."

घारसाहेबांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माणूस हिरो होता. हिरोला वाईट वाटलं तरी त्याचं डोकं स्वतःपाशीच फिरतं. "अरे, पण मग खून केला कुणी?" ते म्हणाले. "खोलीत तू, मी आणि भिंतीवरचा फोटो! घार इतक्या वर्षांनी परत येणार आणि सांगणार काय, की मला माहीत नाही? लोक हसतील. मला नाही जमायचं हे."

खुन्याने मान हलवली. "तेही खरंच. मला कथेतलं काय कळतंय? मी आपला वेळेवर यायचो एवढंच." आणि चहा न पिता तो उठला.

बायको त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली. "भावजी, माझं ऐका," ती म्हणाली. "त्या दिवशी जाऊच नका तिकडे. जो हजर तो खुनी, हाच नियम ना? मग राहा की एक दिवस गैरहजर! बघू दे यांना, कुणावर बोट रोखतात ते."

"बरं वहिनी, बघतो," खुनी म्हणाला आणि सावकाश जिना उतरला.

ती आत आली ती कंबर कसूनच. "लाज नाही वाटत? चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, इथे तर चोरच नाही आणि रोज तोच संन्यासी फासावर! भावजींनी सारा जन्म माझा गळा दाबला, पण कधी नख लागू दिलं नाही. दाबायच्या आधी हात चोळून गरम करून यायचे, मला गार लागू नयेत म्हणून. आणि तुम्ही? दर सिनेमात नाडी बघायला यायचात ते माझ्या हातावर पाय देऊन! प्रेताला ओरडतासुद्धा येत नाही!"

"अगं, हॅट डोळ्यांवर यायची..."

"आता तर हॅट नाही ना डोळ्यांवर? मग दिसत कसं नाही?"

घारसाहेब गप्प बसले. बायकोपुढे गप्प बसण्यात शहाणपण असतं हे त्यांना कळत होतं. कथा सोडून बाकी बरंच त्यांना कळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टीव्हीवर तो अर्धवट सिनेमा लावला. पोरगीने तशी सोय करून दिली होती. स्वतःचा तरुण चेहरा बघून त्यांना भरून आलं. स्वतःचे प्रवेश त्यांनी मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितले. पण सुरुवातीला, जिथे खुन्याची नुसती पाठ दिसते आणि दोन हात विधवेच्या गळ्याकडे सरकतात, तिथे ते एकदम ताठ बसले.

"अगं, इकडे ये! खुन्याच्या अंगात हा माझा कोट आहे!"

"मग दुसरा कुणाचा असणार?" बायको आतूनच म्हणाली. "कोट एकच होता. सकाळी खुनाच्या वेळी पाठ दाखवायला भावजीच हजर, तेव्हा ते घालायचे, दुपारी तपासाच्या वेळी तुम्ही. मालक काय दोन शिवणार होता?"

"पण हे बघ, कोपरावर ठिगळ! मी खिळ्याला फाडला होता तेच, तू लावलेलं. खुन्यालाही ठिगळ आणि मलाही ठिगळ. लोकांच्या लक्षात आलं तर?"

"इतक्या वर्षांत आलं का?"

घारसाहेब बराच वेळ त्या ठिगळाकडे बघत राहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि पेटीतून कोट काढून उन्हात टाकला. काय मनात आलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे तोवर मनात काही आलंही नव्हतं.

चित्रणाच्या दिवशी मात्र नवल घडलं. घारसाहेब वेळेच्या आधी निघाले. खुनी नाही आला तर काय करायचं, आणि आला तर काय, दोन्हीकडून पंचाईत. बायकोला रिक्षात बसवून ते गोदामाशी पोचले. आत पोरगीने हुबेहूब जुना दिवाणखाना उभा केला होता. पडदे तसेच, सोफा तसाच, जिन्यालाही चारच पायऱ्या. भिंतीवर बायकोचा तरुणपणचा फोटो.

आणि तिसऱ्या पायरीवर, मांडीवर डबा घेऊन, खुनी बसलेला.

"अरे गाढवा!" घारसाहेब ओरडले. "यायचं नाही असं हिने सांगितलं होतं ना तुला?"

खुनी ओशाळला. "पडून राहणार होतो. पण वेळ झाली तसे पाय चालायला लागले. सवय, दुसरं काय. आणि मी आलो नसतो तर त्या पोरीची सगळी मेहनत फुकट गेली असती." त्याने फोटोशेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. "रागावू नका, वहिनी."

बायको रागावली नाही. तिने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

दिवे लागले. घारसाहेबांनी कोट चढवला. पोटावर बटण लागेना, तेव्हा पोरगी म्हणाली, उघडाच राहू दे, छान दिसतो. प्रसंग सोपा होता. मॅनेजर खिडकीशी उभा. घार चौथ्या पायरीवर. वळायचं, बोलायचं, बोट रोखायचं. घारसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नात लहान आहे, समजेल हळूहळू. मैत्री मैत्रीच्या जागी, भूमिका भूमिकेच्या जागी. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आवाज खर्जात नेला आणि बोट उचललं.

"खुनी... तू आहेस!"

"कट," पोरगी म्हणाली. "सर, बोट दिव्याकडे गेलं."

संधिवात! हात मॅनेजरकडे, पण बोट पुढे जाऊन वाकडं झालेलं, सरळ निघालं तेच टेबलावरच्या दिव्यावर. पुन्हा केलं. या वेळी खून पडद्याने केला. आणखी एकदा केलं, तर बोट फुलदाणीवर. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात, पण वाकड्याने खुनीही सापडत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. दिवे धरणारी माणसं तोंड दाबून हसायला लागली. ज्या बोटावर जन्म काढला त्यानेच दगा दिला होता.

तेव्हा खुनी खिडकीपासून हलला. बोट जिथे जात होतं तो अंदाज घेत घेत तो हळूहळू सरकला, फुलदाणी जरा बाजूला केली आणि बरोबर तिच्या जागी येऊन उभा राहिला.

"हं, आता कर," तो म्हणाला. "मी इथेच उभा राहतो. म्हणजे तुला त्रास नको."

घारसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. जाड भुवया, खोल डोळे, आणि हात सवयीने एकमेकांवर चोळत गरम करतोय. ज्याला निर्दोष सुटायचं होतं तो स्वतःच्या पायांनी बोटासमोर येऊन उभा राहिला होता, का, तर मित्राचा हात दुखतोय. त्या क्षणी घारसाहेबांना आपलीच इतकी लाज वाटली की आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चालू ठेव," ते पोरगीला म्हणाले. आणि बोलायला लागले.

"मॅनेजर, या खोलीत मी पुष्कळदा आलो आणि दर वेळी तुमच्यावर बोट रोखलं. का? पुरावा होता म्हणून? नाही. तुम्ही समोर होतात म्हणून. तुमचा गुन्हा इतकाच की तुम्ही वेळेवर येता. बाकीचे पळून जातात, तुम्ही थांबता. आणि जो थांबतो त्याच्यावर आळ घेणं फार सोपं असतं."

खुनी तोंड उघडं टाकून बघायला लागला. हे असलं काही या मालिकेत कधी कुणी बोललं नव्हतं.

"आज मी पहिल्यांदा तपास केला," घारसाहेब पायऱ्या उतरत म्हणाले. "ज्या रात्री खून झाला त्या रात्री खुन्याची फक्त पाठ दिसली. काळा कोट. आणि त्या कोटाच्या उजव्या कोपरावर ठिगळ होतं." त्यांनी हात कोपरात वाकवला. ठिगळ दिव्याच्या उजेडात आलं. "तुमच्या कोटाला ठिगळ नाही, मॅनेजर. या घरात ठिगळाचा कोट एकाच माणसाकडे आहे. त्याला कुणी विचारलं नाही, कारण प्रश्न विचारायचं काम त्याचंच होतं."

हात वाकलेला होताच. आता ते बोट वळलं. वाकडंच होतं, त्याला काही कष्ट पडले नाहीत. ते आपसूक घारसाहेबांच्या छातीवर जाऊन टेकलं.

"खुनी... मी आहे. तुम्ही घरी जा, मॅनेजर. घरी वाट बघत असतील."

गोदामात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. पोरगी 'कट' म्हणायचंच विसरली. कॅमेरा फिरतोय, घारसाहेब तसेच उभे, खुनी तसाच उभा. शेवटी मागून बायकोचा आवाज आला:

"आता श्वास घेऊ का मी?"

जुनी सवय. तिने पहिल्या वाक्यापासून रोखून धरला होता.

सिनेमा लागला त्या दिवशी थिएटर भरलेलं होतं. पहिल्या रांगेत खुनी बसला होता आणि त्याच्या शेजारी एक खुर्ची सोडून नात. मधली खुर्ची तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती. लोक चार पायऱ्यांच्या जिन्याला हसले, पडद्यांना हसले, विधवेच्या खुनाला तर टाळ्या पडल्या. मग शेवट आला. ठिगळ दिसलं तसा सगळ्या थिएटरातून एकच 'अरे!' निघाला, सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होतं आणि एकालाही दिसलं नव्हतं. बोट छातीवर टेकलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही.

त्या शांततेत नात खुर्चीवर उभी राहिली. "मारलंच नव्हतं!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "माझ्या आजोबांनी मारलंच नव्हतं! ते नुसते वेळेवर आले होते!"

थिएटर टाळ्यांनी दणाणून गेलं. ती उतरली ती मधल्या खुर्चीवर, आणि तिथून आजोबांच्या मांडीवर. खुनी रुमालात तोंड खुपसून असा रडला की मागच्या रांगेतल्या कुणीतरी पाणी पुढे केलं. मागे घारसाहेब अंधारात बसले होते. त्यांनाही डोळे पुसायचे होते, पण पुसले नाहीत. बायकोने त्यांचं दुखरं बोट स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं होतं, हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले. चौकात पोलिसाला बघून त्यांनी सवयीने हॅटला हात लावला. पोलिसाने सलाम केला नाही. डोळे बारीक करून तो त्यांच्या कोपराकडे बघत राहिला. न्हाव्याने खुर्ची दिली, पण वस्तरा जरा लांबच ठेवला. किराणा दुकानात एक बाई पोराला जवळ ओढून म्हणाली, "इकडे ये, तिकडे जाऊ नकोस." आणि दुकानदाराने, इतक्या वर्षांच्या ओळखीच्या दुकानदाराने, गल्ल्याचा खण हळूच आत सरकवला.

घारसाहेब घरी आले ते पिशवी न ठेवताच बायकोसमोर उभे राहिले.

"खण बंद केला त्याने! मला बघून!"

"मग?" बायकोच्या जिवाला जरा लागलं. "वाईट वाटलं?"

घारसाहेबांनी पिशवी खाली ठेवली. वाईट वाटलंच होतं. खूप वाटलं होतं. त्या खणाचा आवाज खुन्याने किती वर्षं ऐकला असेल, हा हिशोब ते रस्ताभर करत आले होते. मग त्यांनी ती भुवई वर केली. "वाईट कशाचं? भूमिका पोचली! इतकी वर्षं हिरो होतो, कुणी घाबरलं का कधी?"

बायको हसली आणि बोटाला लावायला मलम घेऊन आली.

संध्याकाळी चहा गाळायची वेळ झाली. जिन्यात पाऊल वाजलं नाही. बायकोने चहा झाकून ठेवला. मग पुन्हा गरम केला. घारसाहेब दोनदा उठून खिडकीशी गेले. शेवटी फोन वाजला.

"अरे, जरा वेळ लागेल मला," खुनी कुजबुजत होता. "नात गृहपाठ करतेय. माझ्या मांडीला टेकून. दार लावून घेतलंय तिने, वारा येतो म्हणून. उठवत नाही रे."

"सावकाश ये," घारसाहेब म्हणाले. "घाई कसली?"

त्या दिवशी खुनी आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आला.